चौदा नंबरचा ट्रे

फोरबर्ग, ११ सप्टेंबर २०१६

प्रिय प्रमिलामावशी, जय भीम.

फोन करणार होतो, पण शर्वरी म्हणाली की आईला आता फोनवर नुसती खरखर ऐकू येते. ईमेल तुम्ही उघडत नाही. म्हणून हे पत्र. मराठीत हाताने लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात तुम्ही जेवणाच्या रांगेत मला विचारलं होतंत, "अरे, ते काळे दगड करवतीखाली घातले की रॉकेलचा वास का यायचा?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. अठरा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या भागावर उथळ, कोमट समुद्र होता. वरच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ बेसुमार वाढायचं, मरायचं आणि खाली पडायचं. ते कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपायचा. एरवी समुद्र ढवळला जातो आणि वरचा प्राणवायू खाली पोचतो. पण तेव्हा वर हलकं पाणी, खाली जड पाणी असे दोन थर झाले होते आणि ते मिसळत नव्हते. तळ गुदमरला. चिखल उकरणारे किडे मेले, म्हणून थर वहीच्या पानांसारखे जसेच्या तसे राहिले. शेवाळ पुरतं कुजलं नाही, गाळाखाली गाडलं गेलं. वर हजारो मीटर गाळ साठला, दाब आणि उष्णता वाढली, आणि त्या शेवाळातून तेलकट द्रव्य तयार झालं. तुमच्या नाकाला यायचा तो वास त्या शेवाळाचा.

माझा प्रबंध या गुदमरण्यावरच आहे. करड्या दगडात किड्यांची बिळं दिसतात, म्हणजे तळाशी प्राणवायू होता. काळ्या, पानापानांच्या दगडात ती नसतात. ब्राबांटच्या त्या जुन्या विहिरीच्या कोअरमध्ये, म्हणजे खणताना काढलेल्या दगडाच्या लांब कांडीत, मला असं दिसलं की समुद्र दोनदा गुदमरला. आधी झटक्यात, मग थोडा श्वास परत आला, मग पुन्हा. गेल्या वर्षी त्यावर माझा लेख छापून आला आणि बरंच नाव झालं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्दा. हा कोअर सडक्या लाकडी पेट्यांतून नव्या ट्रेमध्ये, तुमच्या त्या दगड साठवायच्या शेडमध्ये भरला गेला. चौदा नंबरच्या ट्रेमध्ये वाळूची एक बारीक पट्टी आहे. पाण्यात वाळू पडली की जाड कण आधी बसतात, बारीक नंतर. या पट्टीत जाड कण वर आहेत. बहुधा काही नसेल. पण कुणी विचारलंच तर हाताशी असावं म्हणून, ट्रे भरताना वरची-खालची बाजू तपासली होती, असं दोन ओळींत लिहून सही करून पाठवाल का? प्रबंध ३ ऑक्टोबरला समितीकडे जायचा आहे.

तब्येतीला जपा.
अश्वजित


आल्मेरे, २० सप्टेंबर २०१६

चि. अश्वजित, जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. इथे कुणी मराठीत लिहीत नाही रे. शर्वरीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर डचमध्ये देते, आणि आता मला तिचे ओठ वाचायचे तर डचच बरं पडतं.

अक्षराचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे बाबा लहूगुरुजी भंडाऱ्याहून दर दिवाळीला आम्हाला पत्र पाठवायचे, त्यांचं अक्षर तुझ्याहून वाईट.

त्या वासाचं तू छान सांगितलंस. चौदा वर्षं मी ते दगड उचलले, धुतले, पुसले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी या देशात दिनकररावांच्या मागे आले, त्यांची बायको म्हणून. बारा वर्षं घरात बसले. मग शेडमध्ये बाई हवी होती, हलक्या हाताची. पहिल्या दिवशी हेन्कने, आमच्या साहेबाने, माझे हात बघितले आणि म्हणाला, "हे चालतील." औरंगाबादला माझी आई भाकरी थापायची तसे माझे हात, जड नाहीत. चौदा वर्षांत माझ्या हातून एक तुकडा इकडचा तिकडे झाला नाही. हेन्क नव्या पोरांना सांगायचा, प्रमिला कशी करते ते बघा.

चौदा नंबर म्हणतोस, मला काही आठवत नाही. शेकडो ट्रे भरले. तो कोअर मी भरला हे खरं, २०१४च्या सुरुवातीला. दिनकरराव जाऊन तीन महिने झाले होते.

आपल्या मंडळाच्या नीलांबरी आणि शिरीषने तुझ्या सत्कारासाठी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टचा हॉल धरला आहे, फेब्रुवारीतला. इथल्या आपल्या लोकांतला पहिला डॉक्टर म्हणून सगळे खूश आहेत. मी खीर करणार आहे.

प्रमिलामावशी


फोरबर्ग, ४ ऑक्टोबर २०१६

प्रिय मावशी,

काल प्रबंध समितीकडे गेला. चार वर्षांचं काम दोनशे बारा पानांत बसलं. छापखान्यातून बाहेर आलो तर सायकल कुठे लावली तेच आठवेना, अर्धा तास शोधत होतो.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण त्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या. कृपा करून पाठवा. यात घाबरण्यासारखं काही नाही. अगदीच काही निघालं तरी हाताळणीतली चूक म्हणून नोंद होईल. शेडमध्ये मदतनीस बायका काम करायच्या, त्यांना भूगर्भशास्त्र कुठून येणार, असं समजून लोक सोडून देतात. तुम्ही तर आता निवृत्त आहात, तुम्हाला कोण काय म्हणणार! आणि माझ्यावर काही येणार नाही, कारण मी फक्त ट्रेमधल्या तुकड्यांवरच्या, वरची बाजू दाखवणाऱ्या रेषा पाहून मोजलं.

बाबांनी घराच्या दारावर 'डॉ. अश्वजित लहू रामटेके' अशी पाटी आताच लावून घेतली आहे. मी म्हटलं, अजून परीक्षा आहे. ते म्हणाले, पेंटर पुढच्या महिन्यात गावी जातोय.

सत्काराचं ऐकून बरं वाटलं. खीर नक्की करा.

अश्वजित


आल्मेरे, ३० ऑक्टोबर २०१६

चि. अश्वजित,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

मला आठवत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. चौदा नंबरचा ट्रे मला चांगला आठवतो.

फेब्रुवारी महिना होता, सकाळची वेळ. माझे कान तेव्हाच गेले होते. दिनकररावांच्या आजारपणातच जायला लागले, पण मी हाऊसआर्ट्सला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेडमध्ये फोर्कलिफ्ट फिरते, ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याला तिथे उभं राहू देत नाहीत. मी नजरेने सांभाळून घ्यायची. त्या दिवशी जुन्या पेटीतले तुकडे मी टेबलावर ओळीने मांडले होते. जुन्या रेषा पुसट झालेल्या, त्या नव्याने ओढायच्या होत्या. एक लाल, एक काळी, म्हणजे वरची बाजू कुठली ते कळतं. मागून फोर्कलिफ्ट आली. पोराने हॉर्न दिला असणार. मी सरकले नाही. टेबलाला धक्का बसला आणि अकराच्या अकरा तुकडे खाली.

पोरगा न बघताच पुढे गेला. मी गुडघ्यावर बसून तुकडे गोळा केले. मोडलेल्या कडा एकमेकींत बसत होत्या, त्यामुळे तुकड्यांचा क्रम जुळला. पण अख्खा मीटर वर कुठला आणि खाली कुठला, हे कळायला काही उरलं नव्हतं. दोन्ही टोकं झिजलेली, शेजारच्या ट्रेशी जुळेनात. रेषा तर मला दिसेचनात, डोळ्यांत पाणी होतं. हेन्क आला. म्हणाला, "सगळं ठीक ना, प्रमिला?" त्याचे ओठ मला वाचता आले. मी म्हटलं, "ठीक." आणि अंदाजाने एक बाजू वर धरून मी त्यावर नव्या कोऱ्या रेषा ओढल्या. लाल आणि काळी, अगदी सरळ. जुन्या पुसटशा होत्या त्या खाली झाकल्या गेल्या.

हेन्कला सांगितलं असतं तर तो एक दिवस रागावला असता, एवढंच. पण धक्का कसा बसला विचारलं असतं. मग कानांचं निघालं असतं. दिनकररावांशिवाय त्या घरात दिवसभर बसायचं, हे मला तेव्हा झेपणार नव्हतं.

एवढंसं वाटलं होतं. एक मीटर दगड. तो कुणाच्या आयुष्यात जाऊन बसेल असं मनात आलं नाही.

तुला दोन ओळी खोट्या लिहून देणार नाही. मी दुसरं केलं आहे. शर्वरीला बसवून तुझ्या गाईडबाईंना डचमध्ये पत्र लिहिलं, परवा टपालात टाकलं. सगळं लिहिलं आहे, फोर्कलिफ्ट, कान, रेषा. चूक माझी, तुमच्या विद्यार्थ्याची नाही, असं स्पष्ट लिहिलं. आणि हेही लिहिलं की अश्वजित इतका सचोटीचा आहे की त्याच्या हे आधीच लक्षात आलं, ११ सप्टेंबरलाच त्याने मला पत्र लिहून विचारलं होतं. त्यांना तुझं कौतुकच वाटेल.

माझ्यावर राग धरू नकोस.
प्रमिलामावशी


फोरबर्ग, ९ नोव्हेंबर २०१६

प्रमिलामावशी,

सोमवारी बाईंनी बोलावलं. टेबलावर तुमचं पत्र होतं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "ट्रे उलटा असू शकतो, हो."

"ट्रेचं नाही विचारत. तारखेचं विचारते आहे. तुला अकरा सप्टेंबरला शंका होती?"

मी तुमचं पत्र उचलून ती ओळ वाचली.

"आणि तीन ऑक्टोबरला तू माझ्याकडे सही घ्यायला आलास. इथेच बसला होतास. कॉफी प्यायलास. एक शब्द बोलला नाहीस."

मी म्हटलं, खात्री नव्हती. त्या म्हणाल्या, "खात्री नव्हती हेच तर लिहायचं असतं." मग त्यांनी पत्राची घडी घातली. शेवटी म्हणाल्या, "कोअर उलटा ठेवला गेला, हे कुणाच्याही बाबतीत होतं. प्रबंध सहा महिने पुढे गेला असता, एवढंच."

प्रबंध मागे घेतला आहे. चौकशी समिती नेमली जाईल. छापलेल्या लेखाचं काय ते नियतकालिक ठरवेल. माझा करार डिसेंबरला संपतो, तो वाढणार नाही.

तुम्ही मला एक दिवस आधी कळवलं असतं तर मी स्वतः त्यांच्याकडे गेलो असतो. पण तुम्हाला माझं कौतुक करायचं होतं.

मला पत्र लिहू नका.
अश्वजित


आल्मेरे, १५ जानेवारी २०१७

चि. अश्वजित,

लिहू नका म्हणालास तरी लिहिते आहे. शिरीषने हॉल सोडून दिला. लोकांना मी एवढंच सांगितलं की काही तांत्रिक अडचण आली. नीलांबरीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

शर्वरी तुझ्या फोरबर्गच्या खोलीवर जाऊन आली. दुसरं कुणी राहतं म्हणाले. तू कुठे आहेस एवढं तरी कळव. हे पत्र तुझ्या मित्राच्या, विवेकच्या, पत्त्यावर पाठवते आहे.

मला तुझं भलं करायचं होतं.

प्रमिलामावशी


अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट, २४ सप्टेंबर २०१७

प्रमिलामावशी,

तुमचं जानेवारीचं पत्र विवेकने तेव्हाच दिलं होतं. आठ महिने उघडलं नाही.

मी इथे एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. विवेकनेच लावून दिलं, व्हिसाचे कागद कंपनीने केले. खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो. माझ्या टीममध्ये पुण्याचे चौघे आहेत, त्यांना वाटतं मी आधीपासून यातच होतो. मीही तसंच वाटू देतो.

चौकशी समितीने लिहिलं की खोटी माहिती बनवलेली नाही, पण ठाऊक असलेली शंका जाणूनबुजून दडवली. त्या विद्यापीठात मला पुन्हा प्रबंध देता येणार नाही. दुसरीकडे कुणी घेईल असं वाटत नाही, मी विचारलंही नाही.

एक काम मात्र मी केलं. मार्चमध्ये बाईंची परवानगी घेऊन आठ दिवस शेडमध्ये गेलो. चौदा नंबर उलटा करून पुन्हा सगळं मोजलं, वीतभर वीतभर. रेषांची शाई द्रावणाने काढली तर खाली जुनी लाल रेषा निघाली, दुसऱ्या बाजूला. संशयाला जागाच राहिली नाही. सरळ ठेवल्यावर त्या मीटरमध्ये खालून वर बिळं हळूहळू बारीक होत जातात, विरळ होतात, मग संपतात. मधला श्वास वगैरे काही नव्हताच. समुद्र एकदाच गुदमरला, आणि सावकाश. हजारो वर्षं किडे थोड्या थोड्या प्राणवायूवर तग धरून होते, लहान होत गेले, आणि मग नाहीसे झाले. हे काही नवीन नाही. दुसऱ्या विहिरींतून लोकांनी हे आधीच लिहून ठेवलं आहे. नियतकालिकाने माझा लेख मागे घेतल्याची अर्ध्या पानाची सूचना छापली. तिच्यात तुमचं नाव नाही, मी घालू दिलं नाही.

बाबांना मे महिन्यात सांगितलं. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" पाटीचं काय केलं ते मी विचारलं नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मी तुम्हाला दोष दिला, तो खोटा होता. तुम्ही एक दिवस आधी कळवलं असतं तरी मी बाईंकडे गेलो नसतो. मी तुम्हालाच थांबवायला आल्मेरेला आलो असतो. पहिल्या पत्रात मी 'बहुधा काही नसेल' असं लिहिलं, तेव्हाच मला खात्री होती की ट्रे उलटा आहे. तुमच्या सहीचा कागद मला त्याच्यामागे लपण्यासाठी हवा होता. तुम्ही मला सचोटीचा म्हणालात, आणि तसं समजून बाईंना लिहिलंत, ते मला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्यात तर सोपं गेलं असतं.

तुम्ही भोळेपणाने केलंत. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका.

अश्वजित


आल्मेरे, ८ ऑक्टोबर २०१७

अश्वजित,

पत्र मिळालं. तू कुठे आहेस ते कळलं, जेवतोस-खातोस ते कळलं. लहूगुरुजींना मी फोन करू शकत नाही, पण त्यांना वेगळं पत्र लिहिते आहे. त्यात तुझ्याबद्दल काही नसेल, माझ्याच चुकीबद्दल असेल.

माझं नाव तू घालू दिलं नाहीस. तसं करायला नको होतंस. हेन्कला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हातारा झालाय. मला वाटलं चिडेल, तर त्याने वहीवर लिहून दाखवलं, "तुझ्या कानांचं मला ठाऊक होतं. म्हणून मी तुला फोर्कलिफ्टपासून लांबचं टेबल दिलं होतं. त्या दिवशी ते टेबल दुसऱ्याला लागलं होतं." म्हणजे ज्याच्यापासून मी ते लपवलं त्याला ते माहीतच होतं. घरी येताना ट्रेनमध्ये मी आपलं स्टेशन चुकले.

तू तुझं खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. ते वाचून तू पुन्हा कधी पत्र पाठवलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

मी भोळी नव्हते. पहिलं पत्र आलं तेव्हा मला काही कळलं नाही, मी माझ्याच भीतीत होते. पण ४ ऑक्टोबरचं पत्र आलं आणि कळलं. प्रबंध गेला, तरी सही हवी, हे वाचून कळलं. मी चौदा वर्षं शेडमध्ये काढली आहेत, शंका आल्यावर माणूस आधी कुणाकडे जातो ते मला माहीत आहे. तू तुझ्या गाईडबाईंकडे गेला नाहीस, मदतनीस बाईकडे आलास. आणि लिहिलंस की त्यांना भूगर्भशास्त्र कुठून येणार, लोक सोडून देतात.

तू आपला माणूस. तुझी आई गेल्यावर इथे मी तुला डबे दिले. ते वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हसले असते.

तेव्हा त्या डच पत्रात खरं सांगायची इच्छा किती होती आणि राग किती होता, हे मला वर्षभर निवडता आलेलं नाही. दोन्ही होतं. तुझं कौतुक मी लिहिलं, ते वाचून बाई काय विचारतील हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं मी तुला कळवलं.

शर्वरी टाइप करत होती. ती थांबली, माझ्याकडे वळली, मला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाली, "मम, त्याच्या पत्राची तारीख कशाला घालायची? त्याला त्रास होईल. गाळूया?"

मी म्हटलं, "नको. लिही."

प्रमिला